शाळेसाठी गावाचा कौल

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक खेड्यांमध्ये सकाळी सातच्या सुमारास एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. तालुक्याच्या गावाहून इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी पारापाशी येऊन थांबते, गळ्यात टाय बांधलेली मुले तिच्यात चढतात आणि धुरळा उडवीत गाडी निघून जाते. काही वेळाने जिल्हा परिषदेच्या शाळेची घंटा होते. त्या घंटेवर धावणारी मुले बहुधा शेतमजुराची, कोरडवाहू दोन-तीन एकरांच्या धन्याची, किंवा ऊसतोडीला आणि वीटभट्टीला जाणाऱ्या आईबापांनी आजीपाशी ठेवलेली असतात. पंचायतीत ज्यांचा शब्द चालतो त्यांची मुले पिवळ्या गाडीत केव्हाच पुढे गेलेली असतात. घंटेच्या शाळेचे छत दुरुस्त करायचे की नाही, हे ठरविण्याची सत्ता मात्र त्यांच्याच हाती असते.

या दृश्यावर हळहळ व्यक्त करणारे लिखाण पुष्कळ झाले आहे. मातृभाषेतील शिक्षणाची चिंता वाहणाऱ्या परिसंवादांनाही तोटा नाही. पण मूळ प्रश्न साधा आणि रोकड्या व्यवहाराचा आहे. ज्याचे मूल त्या शाळेत नाही, त्या मतदाराने तिच्यासाठी गावचा पैसा खर्च करण्यास हात वर का करावा? आणि त्याला तसे वाटत नसेल, तर त्याचे मन वळविण्याचे काम कोणी करायचे?

कायद्याने या बाबतीत गावाला दुबळे ठेवलेले नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय आहेत. त्यांत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा सतरावा विषय आहे. ग्रामपंचायत घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर आकारते. त्याखेरीज २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने दिलेल्या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला होता, तर उरलेला ४० टक्के भाग वेतन व आस्थापना वगळता गावाच्या निकडीप्रमाणे वापरण्यास मोकळा होता. ती निकड कोणती, हे ग्रामसभेने आराखड्यात लिहायचे होते. बुलढाणा जिल्ह्यात आठशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या जवळजवळ २६ लाख लोकसंख्येतील पाचांपैकी चार माणसे ग्रामीण भागातील होती. म्हणजे आठशेहून अधिक ठिकाणी, वर्षातून किमान चार वेळा, शाळेचा प्रश्न मतास टाकण्याची सोय आहे.

प्रत्यक्षात काय होते? ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. एवढीही माणसे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग दहा-पंधरा जणांत आराखडा मंजूर होतो. त्यात पेव्हर ब्लॉक असतात, स्वागतकमान असते, स्मशानभूमीचे कुंपण असते. यांतील एकही काम वाईट नाही. परंतु कमान येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. वर्गाची उखडलेली फरशी फक्त मुलांना दिसते, आणि मुलांना मत नसते. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत ऐकायला पंचक्रोशीच नव्हे, दूरदूरचे शेतकरी येतात. पुढच्या वर्षीचे पीकपाणी कसे असेल याची ती ओढ स्वाभाविक आहे. पुढच्या पिढीचे पीकपाणी ज्या सभेत ठरते तिथे तेच शेतकरी फिरकत नाहीत.

लोकांना शाळेसाठी पैसा द्यायचाच नसतो, असा एक सोयीस्कर समज आहे. वस्तुतः ते पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसविण्यात आला. त्याचा एक भाग शाळांसाठी होता. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात यावरच बोट ठेवले होते. सरकारी महसूल रयतेच्या कष्टातून उभा राहतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, ही त्यांची तक्रार होती. खामगाव, मलकापूर, चिखलीच्या नागरिकाने आपल्या मालमत्ता कराचे देयक आजही उलगडून पाहावे. त्यात १९६२ च्या अधिनियमाप्रमाणे आकारलेला शिक्षण कर दिसेल. तो नगरपालिका वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. केंद्राने २००४ मध्ये प्राप्तिकरासह आपल्या करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसविला, २००७ मध्ये त्यात आणखी एक टक्का जोडला आणि २०१८ मध्ये आरोग्यासह तो चार टक्के केला. या सर्व वसुलीत देणाऱ्याला कोणी विचारले नाही आणि त्याच्या गल्लीतील शाळेला त्यातून काय मिळाले हे कोणी सांगितले नाही. देऊनही न दिल्यासारखे वाटावे, अशी ही देण्याची रीत आहे. ग्रामसभेत नवी मागणी आली की माणूस कपाळाला आठी घालतो, त्याचे कारण त्याच्या कंजूषपणापेक्षा या अनुभवात अधिक आहे.

ना. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रयत्नाचा येथे विस्ताराने विचार करावा लागतो, कारण स्थानिक संमतीची कल्पना त्यांच्याइतकी नेमकी फार थोड्यांनी मांडली. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. साऱ्या देशावर एकदम सक्ती लादावी असे त्यात नव्हते. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला आपल्या हद्दीत सक्तीचे शिक्षण सुरू करावयाचे असेल, तिने सरकारच्या पूर्वमंजुरीने तसे ठरवावे, गरज पडल्यास शिक्षणासाठी उपकर बसवावा, आणि खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थेने उचलावा, अशी ती योजना होती. गावाने आधी आपला हिस्सा पुढे ठेवायचा आणि मग सरकारकडे दुप्पट मागायचे! विरोधकांनी जे आक्षेप घेतले ते आजच्या कोणत्याही ग्रामसभेत ऐकू येतील. लोक नवा कर सोसणार नाहीत. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत बसविले तर गुरे कोण राखील. अजून वेळ आलेली नाही. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते विधेयक फेटाळले गेले. परंतु सहा वर्षांत, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. त्याआधी एक वर्ष कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता. संस्थानात राजाची आज्ञा पुरेशी होती. पंचायत राज्यात आज्ञा करणारा राजा नाही, तेथे गोखल्यांचा मार्ग चालावा लागतो.

तो मार्ग परदेशात कसा चालतो, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत शाळेची इमारत बांधण्यासाठी कर्जरोखे काढायचे असले, तर त्या परिसरातील मतदारांचे प्रत्यक्ष मतदान घ्यावे लागते. कॅलिफोर्नियात अशा प्रस्तावाला पूर्वी दोन-तृतीयांश मते लागत. नोव्हेंबर २००० मध्ये तेथील जनतेने मतदानानेच ही मर्यादा ५५ टक्क्यांवर आणली. पण त्याबरोबर अटी घातल्या. कोणत्या शाळेत कोणते काम होणार याची यादी आधी जाहीर करायची. पैसा फक्त त्याच कामाला, पगाराला नाही. दरवर्षी लेखापरीक्षण. आणि खर्चावर नजर ठेवायला स्वतंत्र नागरिक समिती, जिच्यात पालकांबरोबर ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेचा एक आणि करदात्यांच्या संघटनेचा एक सदस्य असलाच पाहिजे. या शेवटच्या अटीत मोठे शहाणपण आहे. ज्याचे मूल शाळेत नाही आणि जो पै-पैचा हिशेब विचारतो, त्यालाच हिशेबाच्या वहीपाशी बसविले आहे. आपल्याकडे अशा माणसाला ‘विरोधी गटाचा’ म्हणून बाजूला ठेवण्याची प्रथा आहे, आणि मग तो सभेत उभा राहून सारी सभा उधळतो.

एकाच प्रश्नावर गावाने मतदान करावे, ही गोष्ट महाराष्ट्राला अपरिचित आहे असेही नाही. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मागणीवरून गुप्त मतदान होते आणि ‘आडवी बाटली’ कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. त्या मोहिमांमध्ये ज्या बायका कधी चावडीवर आल्या नव्हत्या त्या दारोदार फिरल्या, मतदारयादी घेऊन एकेक नाव तपासत बसल्या. बाटली आडवी करण्यासाठी गाव असे उठू शकते. फळा उभा करण्यासाठी अशी एखादी मोहीम का निघत नाही? बहुधा दारूचे दुःख रोज संध्याकाळी घरात येते म्हणून. वाईट शाळेचे दुःख दहा वर्षांनी येते, मुलगा दहावी पास होऊनही अर्ज लिहू शकत नाही तेव्हा.

त्या मोहिमांचा धडा असा की ठराव सभेत जिंकला जात नाही, सभेपूर्वी घराघरांत जिंकला जातो. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. अनेक ठिकाणी ती केवळ कागदावर सह्या घेऊन उरकली जाते. शाळेचा विषय प्रथम तेथे मांडला, तर स्वच्छतागृहाअभावी वयात आलेली मुलगी महिन्याचे चार दिवस घरी का बसते, हे पुरुषांच्या सभेत कोणी बोलणार नाही ते तेथे बोलले जाईल. दुसरे, मागणी मोघम नसावी. ‘शाळेसाठी निधी’ या शब्दांवर कोणी विश्वास ठेवत नाही. दोन खोल्यांचे पत्रे, अमुक इतके. फरशी, अमुक इतकी. जिल्हा परिषदेच्या अभियंत्याने केलेले अंदाजपत्रक. आणि प्रत्येक घराच्या वाट्याला वर्षाचे किती रुपये, हे एका पानावर लिहून दारात न्यावे. तिसरे, घरपट्टी थकविणारे गावात कोण आहेत हे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्याविषयी चकार शब्द न काढता नियमित भरणाऱ्याकडे आणखी मागितले, तर तो नाही म्हणणारच, आणि त्याचे चूकही नाही.

लहान रक्कम पुष्कळांकडून घेण्याचे बळ विदर्भाला वेगळे शिकवायला नको. अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्याला जन्मलेले एकनाथजी रानडे यांनी कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकासाठी एकेक रुपयाची छापील पत्रके घेऊन कार्यकर्ते देशभर पाठविले. राज्य सरकारांकडूनही त्यांनी देणग्या मिळविल्या. पण २ सप्टेंबर १९७० रोजी स्मारकाचे उद्घाटन झाले तेव्हा ते रुपया देणाऱ्या सामान्य माणसाचे होते. गावातील एखाद्या धनिकाने सारा खर्च उचलून आपल्या वडिलांच्या नावाची पाटी लावली, तर खोली होते, पण शाळा त्याची राहते. पुढच्या उन्हाळ्यात पत्रा उडाला की लोक त्याच्याच दाराकडे पाहतात. अर्थात रुपयाही सक्तीचा नसावा. ज्या घरात चूल कशीबशी पेटते त्या घराने एक दिवस श्रमदान केले, तर वहीत त्याची नोंद रकमेच्या रांगेतच व्हावी.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. गाव पैसे देऊ लागले की सरकार हात झटकील, ही भीती निराधार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा राज्यात अशा १४ हजारांहून अधिक शाळा असल्याचे समोर आले. त्याच महिन्यात शाळा दत्तक देण्याची योजनाही जाहीर झाली. शिक्षक नेमणे, त्यांना पगार देणे, पाठ्यपुस्तके पुरविणे ही राज्याची बांधिलकी आहे. तिच्यासाठी गावाने एक पैसाही देऊ नये. परंतु येथे कायद्याचे एक कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असणे बंधनकारक केले. या समितीने शाळा विकास आराखडा करावयाचा, आणि शासनाच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असेल, असे कलम २२ सांगते. ग्रामसभेच्या ठरावाने मान्य झालेला, गावाचा हिस्सा आकड्यात दाखविलेला आराखडा पंचायत समितीत गेला, तर त्याला केराची टोपली दाखविणे गटशिक्षणाधिकाऱ्यालाही जड जाते. रिकाम्या हाताने केलेला अर्ज आणि आपला वाटा पुढे ठेवून केलेली मागणी, यांतला फरक गोखल्यांनी १९११ मध्येच ओळखला होता.

राहता राहिला मुहूर्त. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला शेतकऱ्याचा खिसा खत-फवारणीने रिकामा असतो. २ ऑक्टोबरला सोयाबीन शेतात किंवा खळ्यावर असते, आणि विकले तरी हरभऱ्याच्या पेरणीला पैसा लागतो. १ मेला लग्नसराई आणि पाणीटंचाई. बुलढाणा जिल्ह्यात वऱ्हाडी शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असतात ते कापसाच्या वेचण्या आटोपत येतात आणि तूर घरात येते तेव्हा, म्हणजे जानेवारीत. १२ जानेवारीला मातृतीर्थ सिंदखेड राजा येथे जिजाऊंच्या जन्मोत्सवाला जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतून माणसे लोटतात, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी २६ जानेवारीची ग्रामसभा असते. त्या सभेत शाळेचा ठराव आणायचा, तर महिला सभा त्याआधीच्या आठवड्यात, घरोघरचा संपर्क संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर, आणि अभियंत्याचे अंदाजपत्रक डिसेंबर संपण्यापूर्वी हाती यायला हवे. म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक दिवाळीची सुटी संपून शाळा उघडेल त्याच आठवड्यात लागते. त्या बैठकीचे पहिले निमंत्रण, ज्याचे मूल पिवळ्या गाडीतून जाते त्या पालकाला द्यावे.