केसपेपरवरचा पत्ता कोणी पाहावा?

नवऱ्याच्या मारहाणीत जखमी झालेली स्त्री सरकारी रुग्णालयात येते, तेव्हा तिचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक केसपेपरवर आणि वॉर्डच्या रजिस्टरमध्ये लिहिला जातो. ही नोंद हवीच. न्यायालयात तीच पुरावा ठरते. प्रश्न आहे तो ती कोणाला पाहता येते, याचा. चौकशी खिडकीवर ‘मी तिचा नवरा’ एवढे सांगितले, की वॉर्ड आणि खाट क्रमांक सहज मिळतो. ती मैत्रिणीकडे आसऱ्याला असेल, तर कधी तो पत्ताही. घर सोडल्यानंतरचा काळच अशा स्त्रीसाठी फार धोक्याचा असतो.

बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. घरगुती हिंसाचाराच्या पीडितेला या कलमाचे संरक्षण नाही. मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील २००६ च्या नियमांत एक चांगली तरतूद आहे. स्त्रीची तशी इच्छा असल्यास निवारागृहाने तिची ओळख उघड करायची नाही आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीलाही कळवायची नाही. हाच नियम रुग्णालयांनाही लावायला हवा.

त्याला वेगळा निधी लागत नाही. सध्याचा पत्ता बंद पाकिटात ठेवावा. खाटेला लावलेल्या कागदावर ‘मारहाण’ लिहू नये. कोणत्या क्रमांकावर फोन केलेला चालेल, हे तिलाच विचारावे. आणि तिच्या संमतीशिवाय ती येथे दाखल असल्याचे कोणालाही सांगू नये. नातेवाइकांना माहिती देणे ही आपली सवय आहे. नवऱ्याचा तो हक्क नव्हे.