बुद्धिमान् मोटार आणि राहात्याचा रस्ता

मोटारीस आतां सारथ्याची गरज उरणार नाहीं. ती स्वतः पाहील, स्वतः विचार करील आणि यजमानास सुखरूप घरीं पोंचवील, असें नवें शुभवर्तमान आमच्या सुशिक्षित कुटुंबांत सध्यां मोठ्या श्रद्धेनें सांगितलें जात आहे. त्याबरोबर एक उसासाही ऐकूं येतो. "पण आपल्याकडे हें कसें जमणार? आपल्या लोकांना रस्त्यावर चालण्याची शिस्त कोठें आहे?" हा उसासा आम्हीं स्नेह्यांकडून ऐकला आहे, महाविद्यालयांतील सहकाऱ्यांकडून ऐकला आहे, आणि खोटें कां बोला, एके काळीं स्वतःही टाकला आहे. आज मात्र त्यांत दडलेला विचार अन्यायाचा आहे, असें आमचें स्पष्ट मत झालें आहे.

नगरहून मनमाडकडे जाणारा महामार्ग आमच्या राहाता गांवांतून जातो. शिरडी येथून अवघी पांच-सहा किलोमीटर. या रस्त्यानें यात्रेकरूंच्या मोटारी धांवतात, गळिताच्या हंगामांत उंसानें लादलेले ट्रॅक्टर व बैलगाड्या जातात, पायीं निघालेले भक्त जातात, आणि कडेला पेरूच्या पाट्या मांडून बायका बसतात. गेल्या हंगामांत एका सकाळीं आम्ही तेथें उभे होतों. एक वृद्ध बाई दोन शेळ्या घेऊन पलीकडे निघाली. तिनें पांढऱ्या पट्ट्यांचा शोध केला नाहीं. समोरून येणाऱ्या ट्रकच्या चालकाकडे पाहिलें आणि हात वर केला. त्यानें वेग आंवरला. "चला आजी, बिगीबिगी!" तो वरून ओरडला. "थांब रं बाबा, मागचं शेरडू अडलंय," असें म्हणत तिनें दोरी ओढली. ती पलीकडे गेली, ट्रकही गेला. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. परंतु तेवढ्यांत एक मागणी झाली, एक वचन दिलें गेलें आणि पाळलेंही गेलें. आमचे मित्र ज्याला बेशिस्त म्हणतात तें हें!

शिस्तीच्या या आग्रहाला इतिहास आहे. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्याप्रमाणें रस्त्यावरील यांत्रिक गाडीपुढें तांबडें निशाण घेतलेला माणूस चालविणें भाग होतें. हा नियम हास्यास्पद होता खरा. पण सावध राहण्याचा बोजा यंत्रावर असावा, हें तत्त्व त्यांत होतें. पुढें पारडें फिरलें. अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत मोटारींखालीं माणसें, विशेषतः मुलें, मरूं लागलीं, तेव्हां मोटारधंद्याच्या हितसंबंधी मंडळींनीं दोष चालणाऱ्यावर ढकलला. वाटेल तेथें रस्ता ओलांडणाऱ्यास त्यांनीं 'जे-वॉकर' हें नांव दिलें. त्यांतील 'जे' म्हणजे गांवढळ. १९२५ सालीं लॉस एंजेलिस शहरानें पादचाऱ्यांवर कडक निर्बंध घातले आणि इतर शहरांनीं तोच कित्ता गिरविला. ज्या रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणूस चालला, तेथें तो एका शिवीच्या जोरावर उपरा ठरला. त्याच कॅलिफोर्नियाला १ जानेवारी २०२३ पासून नियम सैल करावा लागला. अपघाताचा तात्कालिक धोका नसेल तर असें ओलांडणाऱ्यास तेथें आतां दंड होत नाहीं.

ही जुनी शिवी यंत्राच्या बुद्धींत कशी उतरते, तें १८ मार्च २०१८ च्या रात्रीं ॲरिझोनांतील टेंपी येथें दिसलें. एक स्त्री सायकल हातीं धरून रस्ता ओलांडीत होती. उबर कंपनीच्या प्रयोगांतील स्वयंचलित मोटारीस ती धडकेपूर्वीं ५.६ सेकंद दिसली होती. परंतु यंत्र तिला घटकेंत वाहन, घटकेंत अन्य वस्तु, घटकेंत सायकल समजत राहिलें. माणूस म्हणून तिची ओळख त्याला शेवटपर्यंत पटली नाहीं. पट्ट्यांबाहेर रस्ता ओलांडणारा माणूस त्याच्या रचनेंत विचारांतच घेतला नव्हता, असें तेथील सरकारी चौकशींत निष्पन्न झालें. ती स्त्री मेली. आतां वाचकांनींच सांगावें, शिकलेल्या माणसांच्या हिशेबांत जी बसत नाहीं, ती राहात्याची आजी या यंत्राला कोण वाटेल?

आमचे प्रतिपक्षी म्हणतील कीं, माणूस चालक मद्य पितो, पेंगतो, फोनवर बोलतो. यंत्र यांतलें कांहीं करीत नाहीं. हा मुद्दा खरा आहे. २०२२ या एका वर्षांत या देशांत १,६८,४९१ माणसें रस्त्यांवर मेलीं; ही संख्या पाहून मानवी सारथ्याचीं स्तोत्रें गाण्याचा निर्लज्जपणा आमच्यानें होणार नाहीं. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिरडी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. तेथें पादचारी नाहीं, बैलगाडी नाहीं, तरी १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ एका खाजगी बसमध्यें २५ प्रवासी जळून मेले. अशा बंदिस्त मार्गावर न पेंगणारें यंत्र उद्यां चालणार असेल तर खुशाल चालो. आमचा वाद गांवांतल्या रस्त्याचा आहे. समृद्धीचा नियम राहात्यास लावूं पाहाल, कुंपण घालून आजीला मैलभर वळसा घालावयास लावाल, तर मात्र आमचा विरोध आहे.

यंत्रकारांनाही ही अडचण ठाऊक आहे. चालकाची नजर नाहींशी झाली कीं पादचारी गोंधळतो, म्हणून २०१६ सालीं एका स्वीडिश कंपनीनें पादचारी दिसतांच दर्शनी भागावर हास्याची रेघ उमटविणारी मोटार कल्पिली. २०२२ सालीं टोकियो विद्यापीठांतील संशोधकांनीं एका गाडीला चक्क मोठाले डोळे बसवून पाहिले. खूण म्हणून हे उपाय उपयोगी पडतील. परंतु राहात्याच्या त्या चालकाच्या नजरेंत खुणेहून अधिक कांहीं होतें. त्यानें वचन मोडलें असतें तर त्याला खालीं उतरवून जाब विचारतां आला असता, न्यायासनापुढें उभें करतां आलें असतें. रंगविलेल्या डोळ्यांना जाब कोण विचारणार? टेंपीच्या प्रकरणांत कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाहीं, असें सरकारी वकिलांनीं २०१९ सालीं ठरविलें; गुन्हा लागला तो मोटारींत देखरेखीसाठीं बसविलेल्या नोकर स्त्रीवर. तिचें लक्ष फोनकडे होतें, तेव्हां ती दोषी खरीच. पण उद्यां तें आसनही रिकामें असेल, तेव्हां दोष कोणाच्या पदरांत पडणार? रस्त्यांत मेलेल्या आजीच्याच!

चालकांच्या पोटावर पाय येईल म्हणून अशा मोटारी येऊं देणार नाहीं, असें श्री. नितीन गडकरी यांनीं केंद्रीय मंत्री या नात्यानें २०१७ सालीं व पुनः २०२३ सालीं सांगितलें. हेतु स्तुत्य आहे. परंतु मंत्र्याचा शब्द मंत्रिपदाइतकाच टिकतो. म्हणून बंदीपेक्षां अटी बऱ्या. पहिली अट ही कीं, परीक्षा यंत्राची व्हावी आणि ती गळिताच्या हंगामांत, बाजाराच्या दिवशीं, अशाच रस्त्यावर व्हावी. हें अशक्य नाहीं: हैदराबादच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेनें २०१८ सालीं यंत्रांच्या शिक्षणासाठीं आपल्याकडील रस्त्यांचीं सुमारें १०,००० चित्रें तयार केलीं आणि त्यांत रिक्षा व जनावरें यांना स्वतंत्र स्थान दिलें. दुसरी अट ही कीं, रिकाम्या आसनामागें कायद्याच्या कक्षेंत येणारी कंपनी व तिचे जबाबदार अधिकारी नांवानिशीं असावेत. तिसरी ही कीं, यंत्राच्या सोयीसाठीं गांवच्या रस्त्यावरून चालणाऱ्याचा हक्क एका हातानेंही आंखडूं नये.

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आपल्या आजीबाईंनीं फार पूर्वीं करून ठेविली आहे. राहात्याचें अंगण वांकडें असेल. पण तें तिचें आहे. तेथें नाचावयास येणाऱ्या मोटारीनें आधीं नाच शिकावा, आणि तोंवर तिला बुद्धिमान् म्हणण्याची घाई निदान आम्हां शिकलेल्यांनीं तरी करूं नये.