अनभिज्ञांची शिष्यवृत्ती

आशियाची ओळख नसावी, हीच ज्या शिष्यवृत्तीची मुख्य अट, अशी एक शिष्यवृत्ती अमेरिकेत आहे. हेन्री लूस फाउंडेशनने ती १९७४ साली सुरू केली. वर्षाला १५ ते १८ तरुण-तरुणी निवडायचे. कोणी डॉक्टरकीकडचा, कोणी वकिलीकडचा, कोणी पत्रकार. ज्याने आशियाचाच अभ्यास केला, जो तिथे बराच काळ राहून आला, त्याचा विचार होत नाही. निवडलेल्याला आशियातील एखाद्या संस्थेत, वर्तमानपत्रात वा इस्पितळात वर्षभर कामाला लावतात. खर्चाला पैसे देतात, तिथली भाषाही शिकवतात.

हा निव्वळ परोपकार आहे असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. 'टाइम' साप्ताहिकाचे संस्थापक हेन्री लूस हे चीनमध्ये गेलेल्या मिशनऱ्यांचे पुत्र. विसावे शतक अमेरिकेचे, हे त्यांनीच १९४१ साली लिहिले. आशियात या तरुणांची व्यवस्था पाहिली ती एशिया फाउंडेशनने. या संस्थेला सीआयएचा पैसा गुपचूप मिळत होता, हे १९६७ मध्ये उघड झाले. (ही शिष्यवृत्ती त्यानंतरची, हेही सांगितले पाहिजे.)

तरीही त्यांची दृष्टी मानावी लागते. ज्या मुलखाशी उद्या संबंध येणार, तो आपल्या माणसाने घरी पुस्तके चाळून नव्हे, तर तिथल्या साहेबाच्या हाताखाली राबून समजून घ्यावा. हा तरुण उद्या न्यायाधीश होईल, संपादक होईल. त्याचे ते एक वर्ष वाया जाणार नाही, हे पैसा देणाऱ्याला पक्के ठाऊक आहे.

आणि आमच्याकडे? अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी शिकण्यासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ मध्ये तिच्या नियमांत भारताची संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे संशोधन बाद ठरवले गेले. भारताविषयीचे साहित्य भारतातच आहे, त्यासाठी परदेशी कशाला जायचे, असा युक्तिवाद तेव्हा झाला. अहो, बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध १९१६ साली वाचला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, आणि तिथे ते शिकत होते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर!

अमेरिकन तरुणाला परका समाज पाहायला पैसे मिळतात, आमच्या मुलाने स्वतःचा समाज दुरून पाहू म्हटले तर अर्ज बाद. ही अट कोणाच्या सल्ल्याने घातली, हे सामाजिक न्याय मंत्रालयाने नावानिशी जाहीर करावे.