ताटातील समान वाटा

गोदामातील माल, बाजारातील उधारी आणि गिऱ्हाइकांचा विश्वास यांची मोजदाद आपण व्यापारी चोख ठेवतो. परंतु उद्याची पेढी ज्या भांडवलावर उभी राहावयाची, त्या मुलाबाळांच्या शरीराचे व बुद्धीचे खाते आपल्या चोपडीत नसते.

तेरेखोलचे उदाहरण घ्यावे. नदीच्या उत्तर तीरावरील हे गाव गोव्याचे. जमिनीने मात्र महाराष्ट्रास लागलेले. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याने कन्येस वारशात पुत्राइतका वाटा दिला. सीमेपलीकडे सर्व हिंदू कन्यांस वडिलोपार्जित मिळकतीत तो २००५ च्या दुरुस्तीने लाभला. कायद्याने आपले काम केले, ताटाचे काय?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी गोव्यात ३९, महाराष्ट्रात ५४ रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. गोव्यातील पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण ५३ होते. साऱ्या देशात स्त्रिया ५७, तर पुरुष २५! मासिक धर्म व बाळंतपण यांमुळे स्त्रीस लोह अधिक लागते; म्हणजे तिचा वाटा मोठा हवा. प्रत्यक्षात अनेक घरी ती सर्वांमागून, उरलेले जेवते. अशा मातेचे मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. पुढे बालपणी लोह कमी पडले, तर बुद्धीची वाढही खुंटते.

सीमा जयचंद्रन व रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली भारतीय व आफ्रिकी बालकांच्या उंचीची तुलना प्रसिद्ध केली. आपले ज्येष्ठ पुत्र उंचीत मागे नाहीत. मागे पडतात त्या मुली आणि पाठची भावंडे. ज्येष्ठ पुत्रावरील पक्षपात हे त्याचे एक मोठे कारण त्यांनी दाखविले.

हे सरकारचे काम, असे कोणी म्हणेल. गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतील. पण पंगतीत कोणी केव्हा बसावे, हे आपणच ठरवितो. सुनेने व लेकीने सर्वांबरोबर जेवावे. कुळीथ, तांबडी भाजी आणि वर लिंबू त्यांच्या पानात पुरेसे पडावे. जेवणालगतचा चहा टाळावा. रक्ताची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. नव्या वर्षाची चोपडी उघडताना एवढा संकल्प प्रत्येक सभासदाने करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.