‘त्यांना काही सांगू नका’

आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी दहा-बारा वाचक जमतात. एक पुस्तक ठरवायचे, वाचायचे आणि चहा घेत त्यावर बोलायचे, एवढाच कार्यक्रम. मागच्या महिन्यात मलाही आमंत्रण होते. पुस्तक होते टॉलस्टॉय या रशियन लेखकाचे ‘इव्हान इलिचचा मृत्यू’. १८८६ साली प्रसिद्ध झालेली ही छोटी कादंबरी मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिकेने इंग्रजीतून वाचून सर्वांना मराठीत सांगितली होती. मरणाचा विषय आहे, डॉक्टर असलेले बरे, असे मंडळींना वाटले असावे. मी गेलो तज्ज्ञ म्हणून आणि बसलो आरोपी म्हणून!

कथा थोडक्यात अशी. इव्हान इलिच हा पंचेचाळिशीचा न्यायाधीश. नव्या घरात पडदे लावताना तो पडतो, कुशीला मार लागतो आणि पुढे दुखणे वाढत जाते. डॉक्टर येतात. दोष मूत्रपिंडाचा की आतड्याचा, याची चर्चा करतात. ‘माझे दुखणे गंभीर आहे का?’ या त्याच्या एकाच प्रश्नाला मात्र कुणी उत्तर देत नाही. घरचेही नुसते आजारपण असल्यासारखे वागतात. दुखण्याइतकाच त्याला या खोटेपणाचा त्रास होतो. सोंग करत नाही तो एकच, गेरासिम नावाचा खेडवळ नोकर. तो मालकाचे पाय रात्र-रात्र खांद्यावर घेऊन बसतो, कारण तसे केले की त्यांना बरे वाटते. शेवटच्या दिवसांत इव्हानला आठवते ते लहानपण. सुकवलेल्या आलुबुखाराची चव, जुनी खेळणी, दाई. न्यायाधीशपदाचा थाट त्या आठवणींत कुठेच नसतो.

चर्चा सुरू झाली आणि पाच मिनिटांत रशिया मागे पडला. प्रत्येक जण आपापल्या घरातले मरण सांगू लागला. एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुम्ही लोक अजून तस्सेच आहात.’’ सासूची दोन वर्षे सेवा केलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘पुस्तकात गेरासिमचं कौतुक आहे. आमच्याकडे ते काम सूनच करते, आणि तिचे खांदे दुखतात का, हे कुणी विचारत नाही.’’ तिसऱ्या बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांचे वडील शेवटच्या आठवड्यात सारखे लहानपणीच्या बैलजोडीबद्दल बोलत होते. ‘‘आम्ही म्हणायचो, दादा, आता जुनं उगाळू नका, देवाचं नाव घ्या. ते गप्प झाले ते कायमचेच.’’

मला माझा एक पेशंट आठवला. एस. टी.त ड्रायव्हर असलेला हा गृहस्थ माझा जुना पेशंट. जठराचा कॅन्सर, तोही पसरलेला. मुले आधी माझ्या केबिनमध्ये आली. ‘‘अण्णांना काही सांगू नका, डॉक्टर. अल्सर आहे म्हणा.’’ मी मान डोलावली. अण्णांनी एकदाच विचारले, ‘‘डॉक्टर, गाडी कुठवर जाईल, तेवढं सांगा.’’ मी म्हणालो, ‘‘अजून खूप फेऱ्या बाकी आहेत.’’ ते हसले. पाच आठवड्यांनी गेले. नंतर त्यांच्या पत्नी बी. पी. तपासायला आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘त्यांना सगळं ठाऊक होतं. बहिणीशी पंधरा वर्षं बोलणं नव्हतं, तिला बोलवायचं होतं. पण बोलावलं तर मुलांना कळेल की आपल्याला कळलंय, म्हणून गप्प राहिले.’’ मुले बापाला जपत होती, बाप मुलांना जपत होता, आणि मधे मी सोंगाला शिक्का मारून बसलो होतो. त्या दिवशी वाचनालयात मी हे कबूल केले.

यावर बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी रोकडा सवाल केला, ‘‘पण खरं सांगितलं तर माणूस खचत नाही का?’’ प्रश्न योग्य आहे. काही जण खचतात. पण खरे सांगणे म्हणजे निकाल वाचून दाखवणे नव्हे. आधी पेशंटलाच विचारावे, ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतंय? किती जाणून घ्यायचंय?’ कुणी म्हणतो, ‘माझ्या मुलाशी बोला, मला नको.’ त्याचाही मान ठेवावा. मात्र जो सरळ विचारतो, त्याला खोटे सांगू नये. किती दिवस उरले ते आम्हालाही नेमके सांगता येत नाही, पण ‘दुखणं बरं होण्यासारखं नाही, तरी त्रास कमी करू आणि तुम्हाला सोडणार नाही’, एवढे सांगता येते. माझा अनुभव असा की, बहुतेकांना मनातून कळलेलेच असते. त्यांना हवा असतो तो बोलायला कुणीतरी.

लपवाछपवीचा आणखी एक तोटा असतो. वेदना कमी करणारी उपशामक सेवा मागायला घरचे फार उशीर करतात, कारण ती मागणे म्हणजे कबुली! मुंबईत १९८६ पासून ‘शांती अवेदना’सारखी संस्था हेच काम करते. मॉर्फिनचे नियमही २०१४ च्या कायदादुरुस्तीने सुटसुटीत झाले. तसेच, शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको, याची इच्छा आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ती रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. पण ज्याला काही सांगितलेच नाही, तो इच्छा काय लिहिणार?

आता आठवणींविषयी. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडले की, म्हातारपणी आणि मरण जवळ आल्यावर गतआयुष्य पुन्हा पुन्हा आठवणे स्वाभाविक आहे. माणूस त्यातून आपल्या आयुष्याचा हिशेब जुळवत असतो. तेव्हा ते बोलणे थांबवू नये. मात्र एक फरक ओळखावा. एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलणे, घरच्यांना न ओळखणे, रात्री जागून दिवसा झोपणे, नसलेली माणसे दिसणे, हा आठवणींचा खेळ नव्हे. लघवी तुंबणे, जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम कमी होणे किंवा एखादे औषध यामुळे असे होऊ शकते. त्यावर पुष्कळदा उपाय असतो, म्हणून डॉक्टरांना लगेच कळवावे.

वाचकहो, तुमच्या घरी कुणी असे अंथरुणावर असेल, तर आज संध्याकाळी टी. व्ही. बंद करा आणि खुर्ची कॉटजवळ घ्या. ‘लवकर बरे व्हाल’ हे वाक्य एक दिवस बाजूला ठेवा. त्यांच्या लहानपणाचे काहीतरी विचारा आणि मधे न बोलता ऐका. मग हलकेच विचारा, ‘कुणाला भेटावंसं वाटतंय का?’ उत्तर आले, तर त्या माणसाला त्याच दिवशी फोन करा. आणि जाता जाता, उशा-पाठ करणाऱ्या सुनेलाही विचारा, ‘तू जेवलीस का?’