पर्णरंध्र फक्त आकृतीत

जीवशास्त्रात गुण कमी पडले की दोष पाठांतराला जातो आणि मुलाला आणखी एक क्लास लावला जातो. शाळेत त्याला प्रत्यक्ष काय पाहायला मिळाले, हे कोणी विचारत नाही. दहावीच्या विज्ञान भाग 2 ची लेखी परीक्षा 40 गुणांची. तीत शास्त्रीय कारणेही लिहायची असतात. पर्णरंध्र फक्त आकृतीत पाहिलेला मुलगा तिथे अडखळतो. ते दाखवायला खर्च तरी किती? पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावायचे, वाळले की तो थर चिकटपट्टीने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. पण सूक्ष्मदर्शक कपाटात आणि कपाटाला कुलूप असेल, तर शिक्षकाने करायचे काय? प्रात्यक्षिकाचे 20 गुण जर्नल उतरवूनही मिळतात, हे उघड गुपित आहे!

कोथरूडच्या शाळांना तर म्हातोबा टेकडी शेजारीच आहे. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेले गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतले, बहावा आपल्याकडचा. तरी या दोघांच्या आणि टाकळ्याच्या शेंगा हातात घेतल्या की नाते कळते. नववीचे वनस्पतींचे वर्गीकरण तिथेच शिकवता येईल. त्यासाठी आठवड्याला एक जोडतास आणि पालकांचे संमतिपत्र लागेल. शाळांनी ते जूनमध्येच, वेळापत्रक करतानाच ठरवावे.