भूत नाही, पण ढोंगही नाही

1956 साली बाबासाहेबांसोबत आपल्या समाजाने देवदेवस्कीकडे पाठ फिरवली. त्यामुळे घरातल्या सुनेला झटके येऊ लागले, ती भान हरपून वेगळ्याच आवाजात बोलू लागली, तरी तिला मांत्रिकाकडे न नेणारी घरं आज आपल्यात पुष्कळ आहेत. ही मोठी कमाई आहे. पण त्यातल्या अनेक घरांत पुढचं वाक्य ठरलेलं असतं : 'नाटकं करते.' भूत नाकारलं म्हणजे अर्धंच काम झालं. आजार ओळखणं हे उरलेलं अर्धं काम.

या आजारांना डिसोसिएटिव्ह विकार म्हणतात. मारहाण, बलात्कार, लहानपणीचा लैंगिक छळ, वस्तीवरचा हल्ला अशा वेळी पळताही येत नाही आणि लढताही येत नाही, तेव्हा मन भानाचा धागाच तोडतं. त्या क्षणी माणूस त्यामुळे तगतो. पण धोका सरल्यावरही मनाची ती सवय राहते. कुणाला झटके येतात, कुणाची वाचा जाते, कुणाला मधले काही तास आठवत नाहीत, कुणाला स्वतःचं शरीरच परकं वाटतं. याचाच सख्खा भाऊ म्हणजे पीटीएसडी : तोच प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, वाईट स्वप्नं, दचकणं, त्या रस्त्याने जायलाही नको वाटणं. 1980 साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हे नाव आजारांच्या यादीत घेतलं. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. म्हणजे हे नावही भांडूनच मिळालं.

मी नोकरीला होते त्या रुग्णालयात अशा मुली 'हिस्टेरिया' या शिक्क्यानिशी यायच्या. नाकाशी अमोनिया धरला जायचा, छातीच्या हाडावर बोटं रगडली जायची. शुद्ध आली की सगळे हसायचे. मांत्रिकाची मिरचीची धुरी आणि हा अमोनिया यांत मला फारसा फरक दिसत नाही.

मग करायचं काय? झटका आला तर आधी डॉक्टरांकडून मिरगी आहे का हे तपासून घ्या. झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला तर निदानाला मदत होते. काहींना दोन्ही आजार असतात, म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. झटके मानसिक आघाताचे असतील तर मात्र मिरगीच्या गोळ्यांनी ते थांबत नाहीत. तिथे बोलून करायचे उपचार लागतात. आधी सुरक्षितता : मारणारा घरातच असेल तर कुठलीच थेरपी टिकणार नाही. मग भानावर येण्याचा सराव : पाय जमिनीवर टेकवायचे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. त्यानंतर प्रशिक्षित व्यक्तीसोबत, पेशंटच्या गतीने, त्या प्रसंगाकडे वळायचं. आघातावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर या पद्धती पीटीएसडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवल्या आहेत. 'सांग ना, काय झालं होतं?' असं खोदून विचारणं हा उपचार नव्हे.

विहारातल्या कार्यकर्त्यांना एक विनंती. अशा व्यक्तीला 'दहा दिवसांचं शिबिर कर, मन शांत होईल' असा सल्ला लगेच देऊ नका. डोळे मिटून तासन्‌तास बसल्यावर काहींचं भान आणखी सुटतं. आधी उपचार, मग तज्ज्ञाला विचारून थोडं थोडं ध्यान.

शेवटचा मुद्दा आपल्या लढ्याचा. अत्याचार झाला की आपण एफआयआर, पंचनामा, आर्थिक साहाय्य यांचा पाठपुरावा करतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 21 मध्ये पीडितांच्या आर्थिक आणि सामाजिक पुनर्वसनाची तरतूद आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 सरकारी सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क देतो. तरीही आपल्या निवेदनांत मानसोपचाराची ओळ क्वचितच असते. आणि आघाताने आठवण तुकड्या-तुकड्यांत राहिलेली बाई साक्षीत अडखळली की ती खोटारडी ठरते. म्हणून पुढच्या निवेदनात लिहा : पीडित कुटुंबासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक, तेही वस्तीपर्यंत येणारे. तोवर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. विहाराच्या फलकावर तो आजच लिहा.